बुडविलेल्या युद्धनौकेच्या भेटीला जाण्यापूर्वी

परळ, प्रतिनिधी : निवृत्त युद्धनौकेचे पुढे काय होते, याचे उत्तर शोधायला परळकराला फार लांब जावे लागत नाही. शिवडीमार्गे दारूखान्याचा रस्ता धरला, की जहाजे तोडण्याचा जुना व्यवसाय समोर येतो. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजविलेली 'विक्रांत' १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षे तरंगते संग्रहालय म्हणून मुंबईकरांनी तिच्या डेकवर पाऊल ठेवले, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात दाद मागूनही ती वाचली नाही. २०१४ साली याच दारूखान्यात तिचे तुकडे पडू लागले. तिच्या पोलादाचा काही अंश एका मोटरसायकलच्या टाकीत गेला, काही अंशाचे शिल्प झाले आणि लायन गेटसमोर उभे राहिले. उरलेले भंगारात गेले.

'विराट'च्या वाट्यालाही तेच आले. मार्च २०१७मध्ये ती निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ८५२ कोटी रुपयांच्या एका प्रकल्पाला मंजुरी दिली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीच्या खडकांजवळ ती समुद्रतळावर बसवायची, तेथे सागरी संग्रहालय आणि साहसी पर्यटनाचे केंद्र उभारायचे, अशी ती कल्पना होती. ती कागदावरच राहिली. सप्टेंबर २०२०मध्ये 'विराट'ला टगबोटींनी मुंबई बंदरातून ओढून नेले आणि गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर तिचा शेवट झाला.

निवतीच्या खडकांजवळची ती कल्पना मात्र संपली नाही. तिने केवळ जहाज बदलले. २२६ मीटर लांबीच्या विमानवाहू नौकेऐवजी तेथे सुमारे ८४ मीटर लांबीची 'गुलदार' आली.

'गुलदार' कोण होती?

'गुलदार' ही रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरविणारी नौका. पोलंडमधील ग्डिनिया येथे ती बांधली गेली आणि डिसेंबर १९८५मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. 'चीता' आणि 'कुंभीर' या तिच्या भगिनी नौका. तिघींची बांधणी एकाच तऱ्हेची होती : तळ सपाट, नाकाडावर उघडणारे दरवाजे आणि उतरता रॅम्प. अशी नौका वाळूवर मुद्दाम चढविली जाते, रणगाडे उतरतात, आणि मग ती स्वतःला मागे खेचून पुन्हा पाण्यात घेते. इतर कोणत्याही कप्तानाला जहाज किनाऱ्याला लागले तर चौकशीला तोंड द्यावे लागते. या नौकांच्या कप्तानांचे मात्र तेच काम होते.

'गुलदार' आरंभी विशाखापट्टणमला होती, नंतर तिचा तळ अंदमान-निकोबारला हलला. श्रीलंकेतील शांतिसेनेच्या काळात या तिन्ही नौकांनी काम केले, तसेच २००४च्या त्सुनामीनंतरच्या मदतकार्यातही. नौदलाने त्यांना निरोप देताना जी नोंद केली, तिच्यानुसार तिघींनी मिळून समुद्रात सुमारे १७ हजार दिवस काढले, जवळजवळ १२ लाख सागरी मैल कापले आणि १,३००हून अधिक वेळा त्या किनाऱ्यावर चढल्या. १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअर येथे सूर्यास्ताच्या वेळी तिघींवरचा ध्वज एकाच वेळी उतरला.

त्यानंतर २२ फेब्रुवारी २०२५ रोजी कारवार येथे नौदलाने 'गुलदार' महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली केली. केंद्र सरकारने या प्रकल्पासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले होते. पाण्याखालचे संग्रहालय, कृत्रिम प्रवाळभिंत आणि पाणबुडीतून पर्यटन अशी प्रकल्पाची तीन अंगे आहेत. स्कूबा करणाऱ्याचा संबंध मुख्यतः पहिल्या दोहोंशी येतो. ज्याला पाण्यात उतरायचे नाही, त्याच्यासाठी तिसरे.

येथे सहलीचे नियोजन करणाऱ्याने एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. जहाज हस्तांतरित होणे, ते समुद्रतळावर बसणे, पाणबुड्यांनी त्याची तपासणी करून ते सुरक्षित ठरविणे आणि ते पर्यटकांना खुले होणे, या चार वेगवेगळ्या घटना आहेत. वर्तमानपत्रात यांपैकी एखादीची बातमी वाचून रेल्वेचे आरक्षण करणारे उत्साही वाचक पुष्कळ असतात. महामंडळाकडून बुडीची निश्चित तारीख हाती आल्याशिवाय पुढची कोणतीही तजवीज करू नये.

बुडालेले आणि बुडविलेले

मराठीत या दोन शब्दांत एका अक्षराचे अंतर आहे. समुद्रात ते फार मोठे आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी 'खुकरी' ही फ्रिगेट दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. तो सागरतळ सहलीचे ठिकाण होऊ शकत नाही. ज्याला 'खुकरी'ला वंदन करायचे असेल त्याने दीवच्या किनाऱ्यावरील स्मारकापाशी जावे.

ब्रिटनने १९८६ साली खास कायदा करून लष्करी जहाजांच्या अवशेषांना संरक्षण दिले. १९३९मध्ये बुडालेल्या 'रॉयल ओक' या युद्धनौकेवर सामान्य पाणबुड्यांना बुडी घेता येत नाही. याउलट श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ 'हर्मिस' ही ब्रिटिश विमानवाहू नौका आहे. एप्रिल १९४२मध्ये जपानी विमानांनी ती बुडविली आणि तीनशेहून अधिक जण मरण पावले. तेथे पाणबुडे जातात, परंतु ती पन्नास मीटरपेक्षा खोल आहे आणि हौशी पर्यटकाच्या आवाक्यातली नाही. योगायोग असा, की तिच्याच नावाची पुढची 'हर्मिस' ब्रिटनकडून आपण १९८७ साली घेतली आणि तिचे नाव 'विराट' ठेवले.

गिरणगावातल्या जुन्या घरांना हा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी गटारी अमावास्येच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. गिरगाव, परळ, लालबागमधल्या कित्येक कुटुंबांच्या आठवणीत ती आहे. ती युद्धनौका नव्हती, पण बुडालेल्या बोटीकडे कुतूहलाने पाहावे की हात जोडून, हा प्रश्न सारखाच आहे. 'गुलदार' सन्मानाने निवृत्त झाली, रिकामी झाली आणि मुद्दाम समुद्राला देण्यासाठी निवडली गेली. म्हणूनच तिच्याकडे मोकळ्या मनाने जाता येते.

आधी प्रमाणपत्र

तारकर्ली-मालवणला पर्यटक ज्याला 'स्कूबा केला' म्हणतात, ती बहुतेकदा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील काही मीटर खोलीची बुडी असते. सोबतचा मार्गदर्शक मागून सिलिंडर धरून असतो, आपण केवळ श्वास घेत राहायचे आणि छायाचित्रासाठी बोटे वर करायची. अनुभव म्हणून तो छान आहे. जहाजाच्या अवशेषांवर जाण्यासाठी मात्र तो पुरेसा नाही. प्रमाणपत्राशिवाय घेतल्या जाणाऱ्या अशा बुडीची मर्यादा आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नियमांत १२ मीटर आहे.

पाडी या संस्थेची पहिली पायरी 'ओपन वॉटर' ही असते. तिच्यानंतर १८ मीटरपर्यंत जोडीदारासह जाता येते. पुढची 'ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर' ३० मीटरपर्यंत नेते. बुडालेल्या जहाजांवरील बुडीचा वेगळा अभ्यासक्रम आहे आणि त्याला किमान वय १५ वर्षे लागते. नियोजनाचा खरा प्रश्न त्यामुळे असा : ज्या बुडीचे आरक्षण करीत आहोत ती जहाजाच्या वरच्या भागाची आहे, डेकची आहे की तळाची? उभ्या बसलेल्या जहाजाचा माथा आणि तळ यांत कित्येक मीटरचा फरक असतो. तळ १८ मीटरच्या खाली असेल, तर केवळ पहिले प्रमाणपत्र असलेल्याने वरच्या भागावर समाधान मानावे. मार्गदर्शकाने 'काही होत नाही, या खाली' असे म्हटले, तरीही.

शिकायचे कोठे? तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्वतःची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि तेथे शिक्षणासाठी खोल टाकी बांधलेली आहे. राज्यातल्या नवशिक्याला याहून सोयीचे ठिकाण सुचविणे कठीण. मुंबईच्या समुद्रात शिकण्याचा विचार कोणी करीत नाही. कारण साधे आहे : खाड्यांचा गाळ आणि शहराचे सांडपाणी यांमुळे येथे हातभर अंतरावरचेही दिसत नाही. पोहण्याची तयारी मात्र मुंबईतच करावी. 'ओपन वॉटर'साठी २०० मीटर न थांबता पोहणे आणि दहा मिनिटे आधाराशिवाय तरंगणे आवश्यक असते. शिवाजी पार्कच्या महापालिका तलावात दोन-तीन महिने नियमित गेलेल्या माणसाला याची भीती उरत नाही. तारकर्लीला गेल्यावर पहिल्या दिवशी दम लागणाऱ्यांची फी मात्र पाण्यात जाते.

दाब, हवा आणि वेळ

समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट होतो आणि श्वासागणिक हवाही तिप्पट खर्च होते. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, म्हणजे हा खर्च आणखी वाढतो. जे सिलिंडर प्रशिक्षणाच्या टाकीत तासभर पुरले, ते जहाजावर अर्धा तासही पुरेल याची खात्री नसते.

दुसरा हिशेब नायट्रोजनचा. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर येताना सावकाश आलो तर फुप्फुसांवाटे निघून जातो, घाईने आलो तर सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तसे शरीरात बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. पाडीच्या प्रचलित तक्त्यात पहिल्या बुडीसाठी १८ मीटरवर ५६ मिनिटे, तर ३० मीटरवर केवळ २० मिनिटे आहेत. बारा मीटर अधिक खोल गेल्यावर वेळ निम्म्याहून कमी होतो. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर हा हिशेब क्षणोक्षणी करतो. तो भाड्याने मिळतो आणि मार्गदर्शकाच्या मनगटावर तो आहे, एवढ्यावर भागत नाही, कारण दोघांची खोली नेहमी सारखी नसते. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटे थांबण्याचा प्रघात आहे. तो पाळावा.

प्रकृतीचा अर्ज

दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, पूर्वी कधी फुप्फुस फाटलेले असणे, गरोदरपण : यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय बुडी घेऊ नये. अर्जात हे प्रश्न असतात आणि काहींचे उत्तर 'होय' असेल तर डॉक्टरांची सही लागते. साधी सर्दीसुद्धा क्षुल्लक नाही. नाक-कानाच्या पोकळ्यांतला दाब सारखा झाला नाही, तर पडदा फाटू शकतो.

प्रस्तुत प्रतिनिधीला काही वर्षांपूर्वी कोकणातील एका किनाऱ्यावर हा अर्ज होडीत बसल्यावर, इंजिन सुरू असताना देण्यात आला. 'फक्त खाली सही करा,' असे सांगण्यात आले. सहीही केली. रांगेत मागे एक दम्याचे गृहस्थ होते. तेही सही करून मोकळे झाले. त्या दिवशी कोणाला काही झाले नाही, म्हणून हा किस्सा म्हणून सांगता येतो. अर्ज आदल्या दिवशी मागून घ्यावा, घरी वाचावा आणि शंका असल्यास आपल्या डॉक्टरांना दाखवावा. अर्ज आधी देण्यास जो व्यावसायिक कुरकुरतो, त्याच्याबरोबर वीस मीटर खाली जाण्याचे कारण नाही.

हंगाम आणि तिथी

पावसाळ्यात हा किनारा बंद असतो. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत राज्यात जलपर्यटन थांबविले जाते. सप्टेंबरात समुद्र खुला झाला तरी नद्यांनी आणलेला गाळ लगेच बसत नाही. पाणी निवळायला दिवाळी उजाडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत भरवशाचा. मार्च-एप्रिलमध्येही जाता येते, मात्र दुपारचा वारा वाढतो, म्हणून सकाळची पहिली होडी धरावी. मे महिन्यात गर्दी अफाट आणि समुद्राचा स्वभाव बदलू लागलेला.

तारीख निवडताना मुंबईकर शनिवार-रविवार पाहतो. कोकणातला तांडेल तिथी पाहतो, आणि त्याचेच बरोबर असते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते. पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि त्याची ओढही जोरदार असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, ओढ मंद असते. उघड्या समुद्रातल्या जहाजावर जायचे तर भांगाचे दिवस आणि भरती-ओहोटीच्या मधला पाणी थांबलेला वेळ निवडावा. पाडीच्या पुस्तकात हे सांगितलेले असते, आपल्या पंचांगातूनही ते काढता येते. रजेचा अर्ज कॅलेंडर मास्तरांच्या नव्हे, चंद्राच्या हिशेबाने टाकावा.

निवतीचे खडक किनाऱ्यापासून काही मैल आत, उघड्या समुद्रात आहेत. त्याच समूहातील एका खडकावर दीपगृह आहे, तर तेथल्या गुहांत पाकोळ्यांच्या जातीचे पक्षी घरटी करतात. किल्ल्याच्या आडोशाला मिळते तसे शांत पाणी येथे गृहीत धरता येत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी औषध होडीत बसण्यापूर्वी घ्यावे, परंतु गुंगी आणणारे औषध घेऊन पाण्याखाली जाऊ नये. कोणते चालेल हे डॉक्टरांनाच विचारावे.

होडी

पाण्याखालच्या धोक्यांची चर्चा खूप होते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला मात्र अपघात पाण्यावर घडला. स्कूबा आटोपून परतणाऱ्या पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. होडीवर किती माणसांची परवानगी आहे आणि प्रत्यक्ष किती बसली आहेत, हे मोजायला एक मिनिट लागते. लाइफ जॅकेट जाताना घालायचे तसेच येतानाही. पाणबुडे खाली असताना होडीवर एक जाणता माणूस थांबतो का, प्राणवायूचे सिलिंडर आहे का, वायरलेस चालतो का, हे तीन प्रश्न आदल्या दिवशी विचारावेत. दाबाच्या आजारावर पुनर्दाब कक्षातच उपचार होतात आणि असा कक्ष गावोगाव नसतो. या विषयातली नौदलाची संस्था मुंबईत कुलाब्याला 'अश्विनी' रुग्णालयाच्या आवारात आहे. निवतीहून ती किती दूर आहे ते लक्षात घेतले, म्हणजे सावधपणाची गरज कळते. निकटचा चालू कक्ष कोठे आहे, हे व्यावसायिकाला तोंडपाठ असायला हवे. नेहमीच्या प्रवासविम्यात स्कूबा अनेकदा वगळलेला असतो, तेही तपासावे.

आत शिरण्याचा मोह

'गुलदार'सारख्या नौकेत रणगाडे ठेवण्याचा लांबलचक बंदिस्त मजला असतो. नाकाडापासून आत पाहिले की बोगदाच दिसतो. पाण्याखाली याहून मोहक दृश्य नाही आणि याहून घातक जागाही नाही. जहाज बुडविण्यापूर्वी तेल काढतात, तारा आणि धोकादायक पदार्थ काढतात, बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे करतात. तरीही दोन-तीन पावसाळे गेले की आत गाळ साचतो. फिन्सचा एक फटकारा पुरे, क्षणात सारे काळोखते आणि आलेला दरवाजा सापडत नाही. ब्रिटनमध्ये २००४ साली प्लिमथजवळ 'सायला' ही फ्रिगेट अशीच मुद्दाम बुडविली गेली. तिच्या आत गेलेले पाणबुडे मरण पावल्याच्या घटना घडल्या आहेत. जहाज सुरक्षित करून बुडविले, म्हणजे ते कायमचे सुरक्षित राहते असे नव्हे. लोखंड गंजते, पत्रे सुटतात.

आत जाणारे प्रशिक्षित पाणबुडे हवेचे तीन भाग करतात : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक अडचणीसाठी. मार्ग सापडावा म्हणून दोरी सोडत जातात, प्रत्येकाजवळ एकाहून अधिक दिवे असतात. यांपैकी काही नसेल तर बाहेरूनच पाहावे. बाहेरही पाहण्यासारखे पुष्कळ असते. स्वच्छ लोखंडावर आधी शेवाळ धरते, मग शिंपले आणि कालवे, त्यांच्यामागून लहान मासे, त्यांच्यामागून मोठे. हे व्हायला काही हंगाम जावे लागतात. पहिल्याच वर्षी जाणाऱ्याने प्रवाळाच्या बागेची अपेक्षा ठेवू नये. त्याला युद्धनौका दिसेल, आणि तीही काही वर्षांनंतर इतकी स्पष्ट दिसणार नाही.

मासे जेथे जमतात तेथे जाळी येतात. तुटलेले जाळे लोखंडात अडकून राहते आणि पाण्यात ते जवळजवळ दिसत नाही. म्हणून प्रत्येक जोडीत किमान एक कापणारी सुरी असावी. या परिसरातले मच्छीमार पाहुणे नाहीत, आपण आहोत. कोणाच्या जाळ्याला हात लावण्याची वेळ आली, तर वर आल्यावर ते तांडेलाला सांगावे. जहाजावरून एखादा नट किंवा पट्टी आठवण म्हणून काढून आणणे हा तर शुद्ध चोरीचा प्रकार आहे.

जाणे-येणे

परळहून सर्वांत सोपा मार्ग दादरचा. रात्रीच्या तुतारी किंवा कोकणकन्या एक्स्प्रेसने कुडाळला उतरावे आणि तेथून मालवण किंवा निवतीकडे रस्त्याने जावे. पोहोचल्याच्या सकाळी बुडी घेऊ नये. रात्रभर नीट न झोपलेला आणि पाणी कमी प्यालेला माणूस दाबाच्या आजाराला लवकर बळी पडतो. एक दिवस किल्ला पाहण्यात घालवावा, दुसऱ्या दिवशी उथळ पाण्यात एक उजळणीची बुडी घ्यावी, तिसऱ्या दिवशी जहाज. हवामान बिघडले तर हाती एखादा दिवस असावा. तोही वाया गेला, तर गोव्याला ग्रँड आयलंडजवळ 'सुझीज रेक' हे जुने मालवाहू जहाज आहे. ते युद्धनौका नाही, पण लोखंडावर समुद्र काय करतो ते तेथे पाहायला मिळते.

परतताना विमानाने यायचे असेल, तर एकाच बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास जमिनीवर काढावेत. हा नियम विमानापुरताच आहे असे समजून अनेक जण मोटारीने कोल्हापूरकडे निघतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. सकाळी समुद्रतळाशी असलेल्या शरीराला दुपारी त्या उंचीवर नेणे धोक्याचे ठरू शकते, आणि हीच गोष्ट फोंडा, गगनबावडा या घाटांची. कोकण रेल्वेने किनाऱ्याकिनाऱ्याने परतणाऱ्याला ही चिंता नाही. आंबोलीचा चहा दुसऱ्या दिवशी घ्यावा.